रस्ता अरुंद आहे, हे सांगणाऱ्यालाच गप्प करणाऱ्या साहेबांस

प्रति,
फायरवॉलवर ‘आयसीएमपी सरसकट बंद’ एवढा एक नियम लिहून निवांत झालेले नेटवर्क व्यवस्थापक
(नाव आणि कार्यालय मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. ज्याचं त्याने ओळखावं.)

विषय : १५०० बाइटचं पाकीट, ८ बाइटची अडचण आणि तुम्ही दाबून ठेवलेला निरोप.

साहेब,

किन्हीराजा हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. सोयाबीन आणि तूर पिकवणारं. तुमची-आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण आता विम्याचा अर्ज, पोरांची शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, बँकेची केवायसी, सगळं तुमच्यासारख्यांच्या सर्व्हरवर आहे. त्यामुळे आमचं गाव रोज तुमच्या दारात उभं असतं. तुम्ही ते दार कसं राखता, त्याचा हिशेब मागायला हे पत्र.

‘नेट तं चालू हाय, पण साइटच उघडून नाही राह्यली.’ सेवा केंद्राच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य नेहमी ऐकू येतं. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप जातात. यूट्यूब चालतं. वेग मोजून पाहिला तर आकडा चांगला येतो. जिथे अर्ज भरायचा, तीच साइट तेवढी गोल गोल फिरत राहते. चूक दाखवत नाही, नकार देत नाही, उघडतही नाही. केंद्रवाला राउटर बंद करून चालू करतो. हेल्पलाइनला फोन लावला की तीही तेच करायला सांगते. कुणी महागडा पॅक घेतो, कुणी नवा राउटर आणतो. शेवटी कुणीतरी मोबाइलचं नेट जोडून बघतो आणि साइट झटक्यात उघडते. मग सगळे मिळून फायबरवाल्याला शिव्या घालतात. तुमचं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. तुमच्या त्या एका ओळीच्या नियमाची करामत हीच आहे, साहेब : तो काम बिघडवतो आणि पुरावा दुसऱ्याच्या अंगणात टाकतो.

साइट न उघडण्याची कारणं अनेक असतात. शेवटच्या तारखेची गर्दी असते, सर्व्हर बंद असतो, रस्त्याच्या कामात केबल तुटलेली असते. या सगळ्याचं खापर तुमच्या डोक्यावर फोडायचं नाही. पण जिथे छोटं सगळं जातं आणि मोठं तेवढं अडतं, एका जोडणीवर साइट उघडते आणि दुसरीवर नेमकी तीच अडते, तिथे संशयाची सुई तुमच्याकडे वळते. का, ते इथल्या वाचकांनाही कळू द्या.

इंटरनेटवर माहिती पाकिटं करून जाते. एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट मावतील, त्या मर्यादेला एमटीयू म्हणतात. इथरनेटवर ती १५०० बाइट. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून इथरनेटचं प्रमाण ठरवलं, तेव्हापासून हा आकडा टिकून आहे. त्यातले २० बाइट आयपीच्या पत्त्यासाठी आणि २० टीसीपीच्या नोंदीसाठी जातात. उरलेल्या १४६० बाइटमध्ये खरा ऐवज. पण छोट्या शहरा-गावांतल्या फायबर जोडण्यांवर बहुतेकदा राउटरमध्ये युजरनेम आणि पासवर्ड भरून नेट सुरू होतं. त्या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. तिचे नियम फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. ही पद्धत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट स्वतःसाठी ठेवते. म्हणून आमच्या तारेवर १५०० चं पाकीट मावत नाही. १४९२ चंच मावतं.

आठ बाइट म्हणजे केवढी जागा? देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. ‘किन्हीराजा’ लिहायला काने, वेलांट्या आणि पायमोडकं धरून १० चिन्हं लागतात, म्हणजे ३० बाइट. आमच्या गावाच्या नावाचा तिसरा हिस्सासुद्धा ज्यात मावणार नाही, एवढ्याशा जागेसाठी माणसं दिवसभर खोळंबतात.

हा दोष पीपीपीओईचा नाही, आणि ८ बाइटचाही नाही. जगातल्या सगळ्या वाटा सारख्या रुंदीच्या कधीच नव्हत्या. हे इंटरनेट घडवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपीचे नियम आले, त्याच महिन्यात जॉन पोस्टेल यांनी आयसीएमपीचेही नियम लिहिले. वाटेत काही बिघडलं तर पाठवणाऱ्याला कळवायचं, एवढ्यासाठीच ही निरोपांची व्यवस्था. त्यात एक निरोप असा आहे : ‘पाकीट मोठं आहे, पुढे मावत नाही, आणि त्याचे तुकडे करायला तुम्ही मनाई केली आहे.’ प्रकार ३, संकेत ४. नोव्हेंबर १९९० मध्ये जेफ्री मोगल आणि स्टीव्ह डिअरिंग यांनी आरएफसी ११९१ लिहून त्या निरोपात नेमका आकडाही घालायला लावला : पुढच्या टप्प्यावर इतके बाइट मावतील. पाठवणारा तो आकडा वाचतो, पाकीट तेवढं करतो आणि काम पुढे सरकतं. वाटेची रुंदी शोधण्याची ही रीत पस्तीस वर्षं जुनी आहे आणि निरोप पोहोचला तर ती आजही चोख चालते.

तुम्ही नेमका तोच निरोप अडवता.

आमच्याकडच्या उदाहरणाने सांगायचं तर, आमच्या जिल्ह्यात समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर त्या रस्त्यावर चढत नाही. तो खालच्या बोगद्यातून पलीकडे जातो. समजा, ट्रॉलीत कुटार उंच रचलंय आणि बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला माणूस ओरडून सांगतोय, ‘चार पेंढ्या उतरवा, मग जाईल.’ तुम्ही त्या माणसाचं तोंड बांधलंत. ट्रॉल्या येतात, बोगद्याशी अडतात, मागे शेतात बसलेला मालक आणखी तशाच उंच ट्रॉल्या भरून पाठवत राहतो. आणि तुम्ही वर कळवता की आमच्या हद्दीत आरडाओरडा पूर्ण बंद झाला आहे.

आता तुमच्या सर्व्हरवर काय घडतं ते पाहा. आमच्याकडचा संगणक तुमच्या दाराची कडी वाजवतो. ही सुरुवातीची पाकिटं चाळीस-साठ बाइटची, ती सहज येतात-जातात. म्हणून जोडणी झाल्याचं दिसतं. मग तुमचा सर्व्हर ओळख पटवायला सुरक्षेची प्रमाणपत्रं पाठवतो. ती एका पाकिटात सहसा मावत नाहीत, म्हणून पहिलंच पाकीट काठोकाठ भरतं : १५०० बाइट, वर ‘तुकडे करू नका’ असा शिक्का. ते आमच्या इंटरनेट पुरवठादाराच्या यंत्रापाशी येतं. पुढे वाट १४९२ ची. यंत्र पाकीट टाकून देतं आणि नियमाप्रमाणे तुम्हाला निरोप धाडतं : १४९२ करा. निरोप तुमच्या फायरवॉलपर्यंत पोहोचतो आणि तिथे मरतो. सर्व्हरला वाटतं, पाकीट वाटेत हरवलं असेल. तो तेच पाकीट, तेवढंच, पुन्हा पाठवतो. थोड्या वेळाने पुन्हा. प्रत्येक खेपेला थांबण्याचा काळ वाढत जातो. इकडे पडद्यावर चक्र फिरत राहतं. अभियंते याला ब्लॅक होल म्हणतात. सप्टेंबर २००० मध्ये केव्हिन लाही यांनी आरएफसी २९२३ मध्ये या दुखण्याची लक्षणं आणि कारणं सविस्तर नोंदवली. पंचवीस वर्षं उलटली, साहेब. या दुखण्याचं निदान तुमच्या नोकरीपेक्षा जुनं असू शकतं.

तुमचा बचाव ठाऊक आहे. ‘सुरक्षा.’ हा शब्द उच्चारला की सभेत सगळे गप्प बसतात, म्हणून तो तुम्हाला फार सोयीचा. तरी त्याचं उत्तर द्यायला हवं, कारण भीती निराधार नव्हती. १९९६ साली ‘पिंग ऑफ डेथ’ नावाचा हल्ला गाजला. पिंग म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणारं आयसीएमपीचंच पाकीट. वाजवीपेक्षा मोठा पिंग पाठवला की कित्येक संगणक कोसळत. त्यानंतर दोनेक वर्षांत ‘स्मर्फ’ आला. त्यात पिंगची उत्तरं एकाच बळीवर लोटून त्याला बुडवत. त्या घाईत अनेकांनी आयसीएमपी अख्खंच बंद केलं. पण कार्यप्रणाल्या तेव्हाच दुरुस्त झाल्या. आणि हे दोन्ही हल्ले पिंगवर स्वार होऊन आले होते. ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप वेगळ्या प्रकाराचा आहे. फायरवॉलला दोन्ही वेगळे ओळखता येतात. तुम्हालाही यायला हवेत.

तुमच्यातला जाणकार म्हणेल की कुणी हाच निरोप खोटा तयार करून आमच्या सर्व्हरची पाकिटं मुद्दाम बारीक करेल. हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर उपायही आहे. निरोपात मूळ पाकिटाचा तुकडा जोडलेला असतो. त्यातला टीसीपीचा अनुक्रमांक चालू संवादाशी जुळतो का, हे तपासता येतं. आकडा अमुक मर्यादेखाली मानायचा नाही, असं ठरवता येतं. लिनक्समध्ये ही मर्यादा मुळात ५५२ बाइटची असते. निरोपांच्या संख्येला वेसण घालता येते. खोट्या निरोपाची भीती वाटते म्हणून खऱ्या निरोपासह सगळी व्यवस्थाच गाडायची, याला सुरक्षा म्हणत नाहीत. हा आळस आहे, आणि त्याची किंमत दुसरे मोजतात.

शिवाय काळ तुमच्या विरोधात चालला आहे. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पाकिटाचे तुकडे करतच नाही. तिथे ‘पाकीट मोठं आहे’ या निरोपावाचून गत्यंतर नाही. म्हणून मे २००७ मधल्या आरएफसी ४८९० ने फायरवॉल लावणाऱ्यांना स्पष्ट बजावलं की हा निरोप अडवायचा नाही. भारतात आज निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांकडे आयपीव्ही६ आहे, त्यात मोबाइल जोडण्यांचा वाटा मोठा. जुना नियम नव्या यंत्रावर डोळे झाकून उतरवलात तर उद्या फायबरवाल्यांबरोबर मोबाइलवालेही बाकावर येऊन बसतील.

तुमच्या मौनाने आणखी एक पीक फोफावलं आहे : वेग वाढवून देणारे गुरू. साइट का अडते, हे कुणी सांगत नाही म्हटल्यावर लोक व्हिडिओ बघतात. तिथे कुणी सांगतो, एमटीयू ५७६ करा, नेट सुसाट पळेल. हा सल्ला कुठून आला तेही लक्षात घ्या. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तो डायल-अपचा काळ. २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर १५०० बाइटचं एक पाकीट जायला ०.४ सेकंद लागत, ५७६ चं ०.१६ सेकंदात सुटे. एक मोठं पाकीट तार अडवून बसलं की मागचं सगळं थांबायचं. तेव्हा लहान पाकिटात अर्थ होता. आज फायबरवर तो सल्ला उलटा बसतो. १० लाख बाइटची फाइल १४६० च्या हिशेबाने ६८५ पाकिटांत जाते. ५७६ केल्यावर प्रत्येकात ५३६ बाइटच ऐवज उरतो आणि पाकिटं होतात १८६६. पाकिटं पावणेतीनपट, प्रत्येकावर ४० बाइटचा तोच बोजा, राउटरला तेवढंच जास्त काम. साइट उघडते खरी, कारण छोटं पाकीट आठ बाइटच्या अडथळ्यातून निसटतं. पण माणूस समजतो की वेगाचा मंत्र सापडला. तो मंत्र शेजाऱ्यालाही देतो. चुकीच्या उपचाराला गुण आल्यासारखा दिसतो, तो तुमच्यामुळे.

आता थोडं इथल्या वाचकांसाठी, कारण तुमची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

एमटीयू बदलून नेटचा वेग वाढत नाही. तो आकडा वाटेच्या खऱ्या रुंदीइतका असावा, एवढंच काम आहे. रुंदी मोजणं सोपं आहे. विंडोजच्या कमांड खिडकीत पिंग लिहून ‘एफ’ आणि ‘एल’ हे दोन स्विच द्या. ‘एफ’ म्हणजे तुकडे करू नको, ‘एल’ म्हणजे आत किती बाइट भरायचे. साध्या पिंगला उत्तर देणारा पत्ता घ्या. आधी १४७२ भरा. त्यात पत्ता आणि पिंगचं शीर्षक मिळून २८ बाइट पडतात, म्हणजे १५००. उत्तर आलं तर वाट पूर्ण रुंद आहे, काही बदलू नका. तुकडे करावे लागतील असा शेरा आला, किंवा काहीच आलं नाही, तर १४६४ भरून बघा. ते गेलं तर वाट १४९२ ची. तेही गेलं नाही तर आकडा थोडा थोडा कमी करत जा. जो सर्वांत मोठा आकडा पार होईल त्यात २८ मिळवा.

मग राउटरच्या पानावर जाऊन इंटरनेट जोडणीचा एमटीयू तेवढा करा. त्याच्या जवळपास ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ नावाची सोय असेल तर ती चालू करा. तिच्यामुळे राउटर जोडणीच्या सुरुवातीलाच समोरच्या सर्व्हरला सांगतो की आमच्याकडे १४५२ पेक्षा जास्त ऐवज भरू नका. मग मोठं पाकीट निघतच नाही आणि साहेबांनी अडवलेल्या निरोपाची गरजही पडत नाही. एक काम राउटरवर केलं की घरातले, केंद्रातले सगळे संगणक सुधारतात. प्रत्येक यंत्रात हात घालायची गरज नाही. केंद्रात व्हीपीएन वापरत असाल तर ध्यानात ठेवा की तेही आपला वाटा कापून घेतं; वायरगार्ड या व्हीपीएनचा मूळ आकडा म्हणूनच १४२० असतो. आणि राउटर जर तुमच्या नेटवाल्याने कुलूपबंद करून दिला असेल, तर त्याच्याकडे ‘क्लॅम्पिंग चालू करून द्या’ एवढी स्पष्ट मागणी करा. ‘स्पीड कमी आहे’ असं म्हणालात तर तो पॅक वाढवायला सांगेल.

पण साहेब, हा आमचा उपाय म्हणजे तुमच्या दारावरचा अडथळा आम्ही वळसा घालून टाळणं आहे. ज्याला राउटरचं पान उघडता येतं तो टाळेल. ज्याला येत नाही त्याचं काय? सोंगणीचे दिवस सोडून, रोज बुडवून अर्ज भरायला आलेली बाई संध्याकाळी परत जाते, ती कुणाला विचारणार? तिला एमटीयू ठाऊक असायचं कारणच नाही. ते ठाऊक असण्याचा पगार तुम्ही घेता. मुदत टळली की तिच्या अर्जावर ‘अर्जदाराने वेळेत अर्ज केला नाही’ असा शेरा बसतो. ‘व्यवस्थापकाने निरोप अडवला’ असा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

म्हणून मागण्या लिहून देतो, म्हणजे ‘नेमकं काय हवंय ते कळवा’ असं उत्तर पाठवायचा तुमचा त्रास वाचेल. आयपीव्ही४ मध्ये प्रकार ३, संकेत ४ चा निरोप आत येऊ द्या. आयपीव्ही६ मध्ये प्रकार २ चा निरोप आत येऊ द्या. पिंग बंदच ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, त्याबद्दल आमचं भांडण नाही. सर्व्हरवर लिनक्स असेल तर एमटीयू तपासणीची सोय चालू करा. निरोप वाटेत दुसऱ्या कुणी मारला तरी सर्व्हर स्वतःच लहान पाकीट पाठवून बघेल. ही रीत मार्च २००७ च्या आरएफसी ४८२१ मध्ये मॅथिस आणि हेफ्नर यांनी लिहून ठेवली आहे. आणि साइट लोकांसमोर ठेवण्याआधी ती तुमच्या कार्यालयाच्या रुंद तारेवरून न तपासता एखाद्या तालुक्याच्या पीपीपीओई जोडणीवरून एकदा उघडून बघा. यातल्या एकाही कामाला निविदा लागत नाही, नवं यंत्र लागत नाही, वरून मंजुरी आणायला वर्ष लागत नाही.

इतकं सोपं काम इतकी वर्षं राहिलं, कारण तुमच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसतं आणि तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचायची वाट तुम्हीच बंद केली आहे. ती उघडा. पुढच्या हंगामाच्या अर्जांआधी उघडा.

आणि वाचकांनो, तुमच्याकडे एखादी साइट अशीच अडत असेल, तर पॅक वाढवण्याआधी, राउटर फेकण्याआधी वरची मोजणी करा. आलेला आकडा कागदावर लिहा आणि त्या साइटच्या तक्रार खिडकीवर लेखी द्या : ‘आमची वाट १४९२ ची आहे, तुमचा सर्व्हर निरोप ऐकत नाही.’ ‘साइट चालत नाही’ म्हटलं की ते तुम्हालाच राउटर बंद-चालू करायला सांगतात. आकडा दिला की उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर येते.

कळावे,
एक नेट-ग्राहक
किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम